तुझ्या नायकाला काहीच का होत नाही?

सायली, सिल्वासा
आषाढ अखेर

प्रिय चिमे,



तुझी सहा प्रकरणं परवा रात्री वाचून संपवली आणि काल दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. फोन करायचा नाही असं ठरवलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग माझा आवाज चढतो. म्हणून पत्र. नीट बसून वाच, बसमध्ये उभ्याने नको.

तू विचारलं आहेस, ‘मावशी, यात धोका पुरेसा वाटतो का? की अजून वाढवू?’ ते वाचलं आणि बाबूच्या लग्नात तू जे बोललीस ते जसंच्या तसं कानात आलं. कार्यालयाच्या पायरीवर, चारचौघांत म्हणालीस, ज्याला धोका पत्करायची हिंमत नाही त्याने प्रेमच करू नये. नानांनी हातातलं ताट खाली ठेवलं होतं. मी तेव्हा गप्प राहिले, कारण मांडवात वाद नको होता. आता राहणार नाही.

धोका वाढवायचं नंतर बघू. आधी आहे तो कोणाच्या वाट्याला किती आलाय ते मोज. तुझी नायिका पोरीला शेजारणीकडे ठेवते, सासूला बँकेच्या परीक्षेच्या क्लासचं सांगते, पाटली मोडते, भर पावसात बांधावरून चालत जाते, तापाने फणफणते आणि त्याच तापात स्वयंपाकही करते. आणि तो? तो थांबलेला असतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तो कुठेतरी वाट बघत थांबलेला असतो, त्याचे डोळे खोल असतात आणि सहा प्रकरणांत त्याला एकदाही घाम फुटत नाही. वर तू लिहितेस की दोघांनी मिळून आगीत उडी घेतली. चिमे, आगीत एकटी ती आहे. तो काठावर उभा आहे.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगते. निषिद्ध प्रेमाची गोष्ट लिहायला बसणाऱ्याने पहिल्यांदा हिशेब मांडावा. कोणाचं काय जाऊ शकतं, कोणाच्या हातून जाऊ शकतं, आणि त्या वर्षी त्या गावात कायदा काय होता. हे मांडलं नाही तर धोक्याचं नुसतं वातावरण तयार होतं. पाऊस, अंधार, कुत्र्याचं भुंकणं. ते सिनेमावाले तुझ्यापेक्षा चांगलं करतात.

आता मी विभावरी शिरूरकरांचं नाव घेणार आणि तू डोळे फिरवणार. फिरव. आईने ‘हिंदोळ्यावर’ वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलं होतं. तीच प्रत तुझ्याकडे आहे आणि तू ती अजून परत केलेली नाहीस. १९३४ सालची कादंबरी. नवऱ्याने टाकलेली अचला विरागबरोबर लग्नावाचून राहते. तुमच्या पिढीला वाटतं, बंडखोर होती, लग्नसंस्था मानत नव्हती. अगं, मानली असती तरी तिला लग्न करता येत नव्हतं! हिंदूंना घटस्फोटाची वाट बडोदा संस्थानाने १९३१ साली काढून दिली होती. मुंबई इलाख्यात ती यायला १९४७ उजाडलं आणि सगळ्या देशाला १९५५. म्हणजे तीच अचला बडोद्यात राहत असती तर निदान कोर्टाची पायरी चढू शकली असती. मुंबई इलाख्यातल्या बाईला टाकलेली म्हणून जगायचं किंवा ठेवलेली म्हणून, एवढंच उरत होतं. त्या घरात मूल आलं तर त्याला नाव कोणाचं लावायचं, हा प्रश्न विरागला रस्त्यात कोणी विचारणार नव्हतं. हे माहीत असलं की त्या कादंबरीतलं साधं दार उघडणंसुद्धा वेगळं वाटतं.

आणि लिहिणारीने स्वतः काय पणाला लावलं होतं? विभावरी म्हणजे बाळूताई खरे, त्या शिक्षणसंस्थेत नोकरी करत होत्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा ही विभावरी कोण, म्हणून महाराष्ट्र पेटला होता. सभ्य घरांतल्या अविवाहित मुलींच्या मनात काय चालतं ते तिने छापलं, एवढाच अपराध. टोपणनाव ही त्यांची हौस नव्हती, त्यांची भाकरी होती. तू तुझं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात हवं म्हणतेस. हवंच. पण ते कोणामुळे छापता येतं तेवढं मनात ठेव.

पुढे त्यांचं विश्राम बेडेकरांशी लग्न झालं, त्या मालतीबाई झाल्या, आणि १९३९ साली विश्रामरावांचं ‘रणांगण’ आलं. ही दोन पुस्तकं मी नेहमी शेजारी ठेवते. एकाच घरातली आहेत, पाच वर्षांच्या अंतराने आली आहेत, आणि मला वाटतं एकमेकांकडे बघत उभी आहेत. तिकडे सगळं पणाला लावणारी बाई. इकडे पणाला काहीच न लावलेला पुरुष. युरोपातून निघालेली बोट, युद्ध दाराशी, हॅर्टा ही जर्मनीतून उखडलेली ज्यू मुलगी आणि चक्रधर विध्वंस हा आपला मराठी तरुण. तिला देश नाही, घर नाही. त्याला मुंबई आहे. मुंबई येते, तो उतरतो. बोट तिला घेऊन पुढे जाते आणि पुढे ती समुद्रात उडी घेते. चक्रधरला कोणी पकडत नाही, कोणी जाब विचारत नाही. पण बेडेकरांनी त्याला मोकळं सोडलेलं नाही, कारण ती सगळी कहाणी त्यांनी त्याच्याच तोंडून वदवली आहे. उतरून गेलेल्या माणसाला सगळं सांगायला लावलं. मी तुला हेच करायला सांगते आहे. तुझा तो वाट बघणारा एकदा बोलू दे. एक अख्खं प्रकरण त्याचं लिही, बघ त्याच्याकडे सांगायला काय निघतं. मला भीती वाटते की काहीच निघणार नाही.

कॉलेजात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवलं तेव्हा मी मिसेस काशीकर होते, ते फोटो तू पाहिलेस. तालमीत रोज एक गोष्ट मला खात असे. बेणारेवर आरोप होतात, तिचं पोट, तिची नोकरी, तिचा भूतकाळ, सगळं सगळ्यांसमोर पसरलं जातं, आणि ज्याच्यामुळे हे, तो प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाही. १९६७ सालचं नाटक. सगळे नट प्रवेश घेतात, तो घेत नाही. तेंडुलकरांनी त्याची जागा रिकामी ठेवली आणि प्रेक्षकाला ती रिकामी जागा शेवटपर्यंत बघायला लावली. तू मात्र तुझ्या दामल्याला खोल डोळे दिलेस.

पुरुष धोका घेतच नाहीत असं नाही. पेंडश्यांचा ‘गारंबीचा बापू’ बघ, १९५२ सालचा. राधेला घेऊन तो कुठे पळाला नाही, गारंबीतच राहिला, गावाच्या डोळ्यांदेखत. म्हणून त्याचं प्रेम आपण मानतो.

आता तुझ्या पुस्तकातली एक गोष्ट, जिच्यावरून काल मी खरोखर चिडले. पहिल्याच पानावर तू २०१२ साल सांगतेस. तेव्हा दंडविधानाचं ४९७ कलम जिवंत होतं. १८६० सालचं. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही, म्हणजे बायको ही वस्तू आणि गुन्हा वस्तूच्या मालकाविरुद्ध. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध किंवा त्या दुसरीविरुद्ध तक्रार करायचा हक्क बायकोला नव्हता. असलं अपमानकारक कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ला रद्द केलं तेव्हा मी देवाला नारळ फोडला होता, तुझ्या काकांना विचार. पण त्या कलमाखाली शिक्षा फक्त पुरुषाला होती, बाईला नव्हती. दीडशेहून जास्त वर्षं कायद्याने पुरुषाला धरलं आणि कादंबऱ्यांनी बाईला. तुझ्या गोष्टीत नवरा फिर्याद घेऊन कोर्टात गेला असता तर आत गेला असता तो, खोल डोळ्यांचा. आणि त्याला हे ठाऊकसुद्धा नाही! तो निश्चिंतपणे सिगारेट ओढतो. एवढी निश्चिंती कुठून आली? त्याला एवढंच ठाऊक आहे की नवरा कोर्टात जाणारच नाही, आधी घरात बायकोलाच मारेल, कारण अब्रू कोर्टात न्यायची नसते. हे तू लिहिलं असतंस तर मी तुझ्या पाठीवर हात फिरवला असता.

तू त्या दोघांना आमच्याकडे आणलंस, दुधनीच्या पाण्यावर, त्याचा आनंद आहे. पण शनिवारी? गुजरातेत दारूबंदी आहे, इथे नाही. शनिवार-रविवार वापी-वलसाडकडून गाड्यांची रीघ लागते आणि परत जाताना नाक्यावर पोलीस डिक्या उघडून बघतात. तिच्या नवऱ्याच्या कंपनीतलं कोणीतरी भेटायचंच, बाटली लपवत का होईना. लपायला येणारी माणसं मंगळवारी येतील. हॉटेलात दोघांची ओळखपत्रं मागतात, रजिस्टरमध्ये पत्ता लिहून घेतात. तुझी नायिका तिथे नुसती सही करून किल्ली घेते. तो क्षणच तू सोडून दिलास! काउंटरवरचा मुलगा कार्डावरचं आडनाव वाचतो, मग त्याचं आडनाव वाचतो, मग काही न बोलता पेन पुढे करतो. धोका तिथे आहे. आणि पावसाळ्यात खानवेलला साकरतोड नदी फुगली की परतीचा रस्ता वेळेवर मिळेलच याचा भरवसा नसतो. तिकडे शेजारणीच्या घरी पोर जागी आहे. यापुढे तुला विजा चमकवायची गरज काय?

फ्लोबेरने हे कसं केलंय ते पुन्हा वाच. ‘मादाम बोव्हारी’मध्ये एमा पहाटे रोदोल्फच्या घरून परतते आणि वाटेत पिंपात दडून बसलेल्या बिनेच्या बंदुकीची नळी तिच्यासमोर येते. तो बदकं मारायला बसलाय. तशी शिकार बेकायदा आहे, म्हणून तोही घाबरलेला. ती गडबडीत सांगते, दाईकडे ठेवलेल्या लेकीला बघून आले. आणि अख्ख्या गावाला माहीत आहे की लेक वर्षापूर्वीच घरी परत आली आहे. दिवसभर तिच्या पोटात तो एक चुकलेला शब्द फिरत राहतो. तलवार नाही, वादळ नाही. शेवटीही तिचा जीव प्रेम घेत नाही, कापडवाल्याची उधारी घेते. त्या पुस्तकावर १८५७ साली पॅरिसला खटला भरला आणि लेखक सुटला. एमा कोणाच्या कोर्टात सुटली असती?

इकडे राहायला आल्यापासून मी या सगळ्याचा निराळा विचार करायला लागले आहे. आमच्याकडे भांड्याला येणारी बाई वारली पाड्यावरची. वैशाखात तिने मला लग्नाला नेलं. नवरानवरी कित्येक वर्षं एकत्र राहत होती, त्यांची मुलं मांडवात धावत होती. लग्नाचा खर्च आत्ता झेपला, म्हणून लग्न आत्ता. भिंतीवर चौक लिहिलेला, लग्न लावणारी धवलेरी गात होती, कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ताईला हे सांगितलं तर ती तीन दिवस जेवणार नाही. त्यांच्यातही नको ती नाती असतात, त्यांचेही निवाडे होतात, मी त्यांना देवत्व देत नाही. पण निषिद्ध हे आकाशातून पडत नाही. कोणीतरी ते घालून दिलेलं असतं, कोणाचंतरी त्यात हित असतं. तुझ्या सहा प्रकरणांत सासू नुसती वाईट आहे. तिला काय राखायचं आहे ते मला कळलं नाही.

आणि आमच्या मागच्या रूममध्ये एक जोडी राहते. दोघं कारखान्यात, पाळ्या वेगळ्या. कुठून आली ते सांगत नाहीत आणि इथे कोणी विचारत नाही. या कंपन्यांच्या गावाचं मला तेवढं आवडतं. पोरगी हसरी आहे. पण गल्लीत अनोळखी मोटरसायकल थांबली की दोरीवर कपडे वाळत घालणारा तिचा हात तसाच वर राहतो. गाडी पुढे गेली की हात खाली येतो. तू ज्याला हिंमत म्हणतेस ती मी रोज या खिडकीतून बघते, आणि तुझ्यासारखं पायरीवर उभं राहून त्याबद्दल बोलणं मला जमत नाही.

‘सैराट’ बघून आलो तेव्हा तू म्हणालीस, शेवट जरा जास्तच केला. अण्णाभाऊंची ‘आवडी’ वाचली असतीस तर म्हणाली नसतीस. चौगुल्याची लेक रामोशाच्या घरी नांदायला गेली आणि तिच्या भावानेच तिला संपवलं. त्याच कथेवर १९६९ साली ‘टिळा लावते मी रक्ताचा’ निघाला. २०१६ साली आर्चीच्या दाराशी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन आली. मधल्या एवढ्या वर्षांत काय बदललं ते तूच सांग. आणि ज्यांना पळूनही जाता येत नाही त्यांचं काय? कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये बहीण पेइंग गेस्टबरोबर निघून जाते तर घर हलतं, रडतं. त्याच माणसावर जीव टाकलेला भाऊ मात्र त्याच घरात जेवायला बसतो, आणि त्याचं काय गेलं हे कोणाला कळतही नाही. २००६ सालचं पुस्तक आहे. तेव्हा ३७७ कलम होतं.

आता जे विचारायचं ते विचारते. गोल गोल फिरून झालं.

फोनमध्ये नंबर ‘ब्लाऊज शिलाई’ या नावाने ठेवणं. एक स्टॉप आधी उतरून चालत जाणं. पर्समध्ये दुसऱ्या रंगाची ओढणी. चिमे, असल्या गोष्टी टेबलाशी बसून सुचत नाहीत. आणि चौथ्या प्रकरणात नायिकेच्या डाव्या मनगटावर जी भाजल्याची खूण आहे, तिच्यावर बर्नॉल मी लावलं होतं. तू तिला नवरा दिलास, सासू दिलीस, पोर दिलीस. तुझ्याकडे यातलं काही नाही. मग रात्री उठून बसले आणि वाटलं, हे सगळं त्याच्या घरी तर नाही? बायको, आई, मुलगी? तू उलटं करून लिहिलंस का?

असं असेल तर मला सांग, त्याने आजवर काय पणाला लावलं? तुला भेटायला तो एक स्टॉप आधी उतरतो का? बायकोला काय म्हणाला आहे? तू आजारी पडलीस तेव्हा हॉस्पिटलात कोण होतं? गेल्या फेब्रुवारीत तू आठ दिवस कोणाचा फोन घेत नव्हतीस ते मी विसरलेले नाही. ताईला मी तेव्हाही सांगितलं नाही, आताही सांगितलेलं नाही.

आणि तसं नसेल, तो मोकळा असेल आणि अडचण जातीची किंवा धर्माची असेल, तर मग वेळ घालवू नका. विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर दोघांपैकी एकाला त्या जिल्ह्यात आधी तीस दिवस राहावं लागतं, मग नोटीस लागते, ती आणखी तीस दिवस कचेरीत सगळ्यांना वाचायला लावलेली असते. सगळा धोका त्या महिन्यात असतो, नावं-पत्ते भिंतीवर असतात. ताईच्या गावात ती नोटीस देऊ नका. तुझा कायमचा पत्ता तिकडचा असेल तर प्रत तिकडच्या कचेरीतही लागते, पण निदान तू तिथे नसशील. इथे ये. वापीला उतर, मी रिक्षा घेऊन येते. तीस दिवस माझ्याकडे राहा, शेजारच्यांना सांगेन भाची लिहायला आली आहे. साक्षीदार तीन लागतात. मी एक, तुझे काका दुसरे, मी त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. त्यांनी नाव विचारलं नाही. तिसरा मी बघते. नानांचं मी बघून घेईन.

जबरदस्ती झाली, कोणी धमकावलं, तर २०१८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी खटल्यात सांगितलं आहे की अशा जोडप्यांना संरक्षण देणं हे पोलिसांचं काम आहे. निकालाची प्रत काढून ठेवली आहे. दाखवायची वेळ येऊ नये.

या दोहोंतलं काहीच नसेल, नुसतीच तुझी कल्पना असेल, तर मला शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण कळव. पत्राने कळव, ताईच्या घरून फोन करू नकोस, ती दाराआड उभी राहते.

जेवत जा. केस ओले ठेवून झोपू नकोस.

तुझी
मावशी

ता.क. : ४९७चं वाचून तू गोष्ट २०१९ सालात ढकलशील, मी तुला ओळखते. ढकलू नकोस. २०१२च राहू दे. सातव्या प्रकरणात त्याला कोणाकडून तरी ते कलम कळू दे, आणि त्यानंतरच्या मंगळवारी तो दुधनीला येतो की नाही, ते लिहून मला पाठव.